पोळ्याच्या तोरणाखाली बाबा अडकले. घरच्या माणसाच्या विसरण्याची सुरुवात तुम्हाला कशी कळली?

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचते, आज लिहायला बसले कारण घरात कोणी ऐकून घेत नाहीये.

माहेर आर्वी तालुक्यात, सासर वर्ध्याला. पोळ्याला माहेरी गेले होते. बाबा ७१ वर्षांचे, दहा एकर वावर, कपाशी आणि तूर, अजून रोज सकाळी वावरात जातात. पण गावात त्यांची खरी ओळख म्हणजे झडत्या, पोळ्याला बैल तोरणाखाली उभे केले की म्हणतात ती कवनं. तीसेक वर्षं झाली, तोरणाखाली पहिली झडती त्यांचीच असते. जुन्या म्हणतातच, पण दरवर्षी एक नवी स्वतः बांधून आणतात, कधी बोंडअळीवर, कधी कापसाच्या भावावर, एकदा तलाठ्यावर बांधली होती तर तलाठी समोरच उभा आणि सगळ्यात जास्त तोच हसला.

यंदा खांदशेकणीच्या, म्हणजे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लावलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हटलं, हात धुतले, आणि पाच मिनिटांनी तीच वाटी घेऊन परत त्याच बैलाजवळ. परत आवतन. आई म्हणाली अहो झालं ना आत्ता, तर ते म्हणाले हो का, आणि गोठ्यात तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली पहिली जुनी झडती झकास म्हणाले, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग सगळे नवीनची वाट पाहत होते, तर बाबांनी तीच परत सुरू केली. लोकांनी परत हर हर महादेव केलं. मग तिसऱ्यांदा तीच. पोरांनी डफडी वाजवली, तोरण तुटलं, बैल पळाले, आणि कोणाच्या काही लक्षातच आलं नाही. मी बाबांच्या तोंडाकडे पाहत होते. कासरा घट्ट धरून ते शेजारच्या माणसाच्या ओठांकडे बघत होते, पुढचा शब्द तिथे सापडेल म्हणून.

दादा म्हणतो वय झालं. आई म्हणते तू चार दिवसांसाठी येतेस आणि खोट काढतेस. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी विसरण्याचा आजार होता त्यांनी प्लीज सांगा, मागे वळून पाहताना पहिली खूण कोणती होती?

वऱ्हाडी_ठेचा
ताई टेन्शन नका घेऊ. साठी बुद्धी नाठी म्हंतेत ते काई उगाच नाई. आमचा बुढा चष्मा कपायावर ठेवून अख्खं घर उलथंपालथं करते. बाकी ते तलाठ्यावरची झडती असंल तं टाका ना इथं.

गावडॉक्टर
ठेचाभाऊ, त्या म्हणीने आपल्याकडे फार नुकसान केलंय, रागावू नका पण मला ओपीडीत रोज दिसतं म्हणून बोलतो. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं आणि सापडल्यावर "अरे हो" म्हणणं हे वयाचं. पाच मिनिटांपूर्वी आवतन दिलं ही गोष्टच मनात उतरली नाही आणि आठवण करून दिल्यावरही आठवत नाही, हे वेगळं.

अल्झायमर म्हणजे विसरण्याचा आजार, त्यात बहुतेकदा मेंदूचा जो भाग आधी बिघडतो त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात, आज घडलेलं साठवून ठेवणं हे त्याचं काम. म्हणून तीस वर्षांपूर्वीची झडती तोंडपाठ राहते आणि सकाळी कोण येऊन गेलं ते राहत नाही. घरचे म्हणतात "यांची मेमरी तर आपल्यापेक्षा भारी, १९७२ चा दुष्काळ तारखेवार सांगतात." तेच फसवं असतं.

पऱ्हाटीताई, तुम्ही लिहिलंय त्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की यंदा नवी झडती नव्हती. अर्थात एवढ्यावरून निदान होत नाही. पण दाखवा, आणि पुढच्या पोळ्याची वाट पाहू नका.

संत्रावाला_मोर्शी
डॉक्टरसाहेबांचा हा नवी झडतीचा मुद्दा वाचून रेगन आठवले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते १९८१ ते १९८९. ५ नोव्हेंबर १९९४ ला त्यांनी स्वतः जनतेला पत्र लिहून सांगितलं की मला अल्झायमर आहे. मग वाद सुरू झाला की पदावर असतानाच सुरू झालं होतं का. २०१५ मध्ये काही संशोधकांनी त्यांच्या पत्रकार परिषदांचं बोलणं शब्दाशब्दाने मोजलं, आणि त्यांच्यानंतरच्या थोरल्या बुशच्या बोलण्याशी ताडून पाहिलं. रेगनच्या बोलण्यात वर्षागणिक वेगवेगळे शब्द कमी होत गेले आणि "ते", "ती गोष्ट" असले मोघम शब्द वाढले, बुशमध्ये तसं नाही.

यातली गंमत अशी की संशोधकांनी लिहून दिलेली भाषणं घेतलीच नाहीत, पत्रकारांनी आयत्या वेळी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं घेतली. लिहून दिलेलं भाषण म्हणजे जुनी झडती. तिथे काही कळत नाही.

कडुनिंब
संत्रावाला, असंच आयरिस मर्डॉक या इंग्रजी कादंबरीकार बाईंचं. त्यांची शेवटची कादंबरी १९९५ ला आली आणि समीक्षकांना ती कशीतरीच वाटली. पुढे अल्झायमरचं निदान झालं, १९९९ ला गेल्या. नंतर त्यांची १९५४ ची पहिली, मधली एक आणि ही शेवटची अशा तीन कादंबऱ्यांतले शब्द मोजले तर शेवटच्या पुस्तकात शब्दांचा साठा आटलेला होता. व्याकरण बऱ्यापैकी शाबूत. म्हणजे वाक्य उभं राहत होतं, पण नेमका शब्द हाती लागत नव्हता.

मी शिक्षक होतो, माझ्या मोठ्या भावाचं हेच झालं. "ते आण", "त्याच्यातलं ते", "तो आपला तो". विळा, वखर, डवरा सगळ्याला "ते". सालदाराला बरोबर समजायचं की मालक काय मागतोय, त्यामुळे काम अडलं नाही आणि दोन वर्षं आम्हालाही कळलं नाही.

वऱ्हाडी_ठेचा
हे वाचून जरा चमकलो. पन मंग टीव्हीवर तो अमका नेता अडखळते, तमक्याचं नाव इसरते, त्याईले पन हेच असंल का?

गावडॉक्टर
नाही, आणि हा खेळ आपण इथे खेळू नये अशी माझी हात जोडून विनंती. माणूस थकलेला असतो, झोप नसते, कानाला कमी येतं, लहानपणापासून तोतरा असतो. दहा सेकंदांच्या व्हिडिओवरून कोणाचं निदान होत नाही. अमेरिकेत १९६४ साली एका मासिकाने हजारो मनोविकारतज्ज्ञांना विचारलं की गोल्डवॉटर नावाचा उमेदवार राष्ट्राध्यक्ष व्हायच्या लायक आहे का, आणि शेकडो डॉक्टरांनी त्याला न तपासता मतं ठोकून दिली. गोल्डवॉटर कोर्टात गेला, जिंकला. त्यातूनच पुढे १९७३ पासून तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा नियमच आहे की न तपासलेल्या माणसावर बोलायचं नाही. रेगनचं ते संशोधनसुद्धा निदान नाही, त्या संशोधकांनी स्वतःच तसं म्हटलंय.

घरच्या माणसाचं मात्र उलटं. त्याला तुम्ही चाळीस वर्षं पाहिलंय. तो आधी कसा होता हे तुमच्याइतकं कोणत्याच मशीनला माहीत नाही, म्हणून तुम्ही बोललं पाहिजे.

धाकटी_सून
मी हे कधी कुठे लिहिलं नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, एकत्र कुटुंब. आमच्या आत्याबाई म्हणजे सासूबाई, पुरणपोळीत त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं.

आमच्याकडे विसरण्यापासून सुरुवात झालीच नाही, संशयापासून झाली. एक दिवस त्या म्हणाल्या माझी सोन्याची पोत गेली, आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे पाहिलं. मग पेटीतले पैसे गेले, मग लुगडं गेलं, दरवेळी मीच. रोज रात्री त्या वस्तू नवीन जागी लपवायच्या आणि सकाळी लपवल्याचं विसरायच्या, पण हे आम्हाला तेव्हा कुठे माहीत. नणंदा माझ्याशी बोलेनाशा झाल्या. माझ्या भावाला बोलावून बैठक बसवली. यांनीही एकदा विचारलं, खरं सांग. कोणी म्हणालं करणी केली, लिंबू उतरवून झाले, दोन कोंबडे गेले.

मग अखाडीला त्यांनी पुरणाची डाळ शिजायला टाकली, कट न काढता तशीच पाट्यावर घेतली आणि मला हळूच म्हणाल्या, "बाई, आता काय करतेत गं?" मला. जिला त्या चोर म्हणत होत्या तिला. तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं. चाळीस वर्षं ज्या हाताने पुरण वाटलं त्याला पुढची पायरी सापडत नव्हती.

पोत दोन वर्षांनी तुरीच्या कोठीत तळाशी सापडली, फडक्यात बांधलेली. नणंदेने पाय धरले माझे. मी मनात काही ठेवलं नाही, आत्याबाईंचं शेवटपर्यंत मीच केलं. पण तुमच्या घरी म्हातारं माणूस एकाएकी चोरीचा आळ घ्यायला लागलं तर आधी डॉक्टरकडे न्या हो, सुनेची बैठक नका बसवू.

कडुनिंब
धाकटी सून, वाचून गप्प झालो. तुम्हाला नमस्कार.

एक सांगतो. ज्या बाईवरून या आजाराचं वर्णन झालं ती जर्मनीतली ऑगस्टे नावाची, १९०१ साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात दाखल झाली तेव्हा ५१ वर्षांची. तिच्या नवऱ्याला जो पहिला बदल जाणवला तो विसरणं नव्हता, तिने त्याच्यावर घेतलेला संशय होता. डॉक्टर अल्झायमरने तिच्याशी झालेलं बोलणं लिहून ठेवलंय, त्यात ती म्हणते मीच हरवले आहे. १९०६ ला ती गेली आणि त्याच वर्षी त्याने ती केस डॉक्टरांच्या सभेत मांडली. म्हणजे तुमच्या आत्याबाईंचं जे झालं ते या आजाराच्या पहिल्या पानावरच लिहिलेलं होतं, आपल्या खेड्यापर्यंत पोचलं नाही एवढंच.

धानाची_बांधी
गोंदियाकडची मी. आमच्या आबाजींना स्वतःच्याच शेतात वाट सापडेना. रोवण्याचे दिवस होते, सगळ्या बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, पाण्याने भरलेल्या, सकाळी पाणी पाहायला गेलेले आबाजी दुपारपर्यंत आलेच नाहीत. तीन बांध्यांपलीकडे धुऱ्यावर बसलेले सापडले, धोतर चिखलाने भरलेलं. गाव म्हणालं चकवा लागला. आमच्याकडे चकव्याच्या गोष्टी खूप, पायातली वाहण उलटी घातली की सुटतो म्हणतात, आबाजींनीही तेच केलं होतं, दोन्ही वाहणा उलट्या पायात. ते बघून आजी रडली होती, आम्ही पोरं हसलो होतो. आता आठवलं की मलाच रडू येतं.

दुसऱ्यांदा झालं तेव्हा भगताकडे नेलं. तिसऱ्यांदा नागपूरला. मधे दीड वर्ष गेलं.

पऱ्हाटी
सगळ्यांचं वाचतेय, हात थरथरतायत. गावात एक कुजबुज अशीही आहे की बाबा हल्ली पितात, म्हणून तोरणाखाली असं झालं. बाबांनी आयुष्यात थेंब घेतला नाही, माळकरी आहेत.

संत्रावाला_मोर्शी
ताई, हे फार जणांच्या वाट्याला येतं. रिटा हेवर्थ नावाची हॉलिवूडची मोठी नटी, तिला संवाद आठवेनात, चिडायची, तर सगळं जग कितीतरी वर्षं म्हणत होतं दारू. १९८० च्या आसपास कळलं की अल्झायमर आहे. १९८७ ला गेली, फक्त ६८ वर्षांची. एवढे कॅमेरे, एवढे डॉक्टर भोवती असून जर असं होतं तर आपल्या पारावरच्या लोकांना काय दोष द्यायचा. पण माळकरी माणसावर असं बोलतात हे ऐकून वाईट वाटलं.

आणि जॉर्ज फर्नांडिस. माझे वडील एसटीत होते, त्यांनी १९७४ च्या रेल्वे संपातले जॉर्ज पाहिलेले. मंगळूरचा माणूस पण मुंबईच्या कामगारांपुढे मराठीत आग ओकायचा. त्या माणसाला अल्झायमर झाला, शेवटची कितीतरी वर्षं जगासमोर आलेच नाहीत, सांभाळायचं कोणी यावरून घरच्यांचा वाद कोर्टात गेला. २९ जानेवारी २०१९ ला गेले तेव्हा वडील दिवसभर जेवले नाहीत.

खातं_क्रमांक
बँकेत आहे, तालुक्याच्या शाखेत. आम्हा लोकांना हे बरंच आधी दिसतं पण बोलता येत नाही. एक काका पगारासारखे पाच तारखेला पेन्शनला यायचे. एकदा सकाळी पैसे नेले, दुपारी परत स्लिप भरून उभे. मी पासबुक दाखवलं तर म्हणाले माझी सही कोणी केली. मग सही बदलत गेली, मग सोबत दरवेळी वेगळाच "भाचा" यायला लागला. मी शेवटी त्यांच्या मुलाला फोन केला.

एक कामाचं सांगतो. बरेच जण म्हणतात मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला लिहून देणं, करून ठेवलं की झालं. कायद्याने मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन ठिकाणावर असेपर्यंतच चालतं, पुढे ते उपयोगाचं नाही. म्हणून माणूस स्वतः समजून उमजून सही करू शकतो तोवरच जॉइंट खातं, वारस नोंद, मृत्युपत्र, सातबाऱ्यावरचे राहिलेले फेरफार हे उरकून घ्या, त्याला विचारून, वकिलासमोर. त्याच्या पाठीमागे नको. नाहीतर वावर कोणाच्या तरी नावावर जातं आणि भाऊ-भाऊ आयुष्यभर कोर्टात.

गावडॉक्टर
खूप चांगलं लिहिलंत. आता तपासणीचं, कारण पऱ्हाटीताईंना ते लागेल.

गोंधळ अचानक, दोन-चार दिवसांत सुरू झाला असेल तर आधी अल्झायमर डोक्यातून काढा. ताप, लघवीचं इन्फेक्शन, साखर फार कमी किंवा जास्त, रक्तातलं सोडियम कमी होणं, हे सगळं म्हाताऱ्या माणसाला भ्रमात नेतं आणि हे तातडीचं आहे, त्याच दिवशी दवाखाना. बंडीवरून पडले, न्हाणीघरात घसरले, वरून काही दिसलं नाही आणि महिन्याभराने वागणं बदललं, तर मेंदूभोवती हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं, ते ऑपरेशनने निघतं.

सावकाश वाढत आलेलं असेल तरी बी१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, किडनी बघायचं. मन खचलेलं आहे का बघायचं, नापिकी, कर्ज, जोडीदार जाणं याने माणूस आतून मिटतो आणि विसरभोळा दिसतो. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, सर्दीच्या, झोपेच्या, वारंवार लघवीच्या काही गोळ्यांनी डोकं जड होतं. आणि कान तपासा. ऐकूच आलं नाही तर आठवणार काय?

डॉक्टरांनी "आज तारीख काय" विचारलं आणि बाबा चुकले तर घाबरू नका, वावरातला माणूस तारखेवर जगत नाही. स्मरणशक्तीची तीस मार्कांची जी नेहमीची परीक्षा आहे तिच्यात लिहिणं-वाचणं लागतं, म्हणून हरियाणात बल्लभगढला न शिकलेल्या खेड्यातल्या लोकांसाठी तिचं वेगळं हिंदी रूप तयार केलं होतं. मी माझ्यापुरतं विचारतो, सध्या वावरात कोणतं काम चालू आहे, मागची फवारणी कधी झाली, कोणते मजूर आले होते. आणि शेवटी बायकोला बाजूला घेऊन विचारतो, तुम्ही यांच्यासाठी अलीकडे काय काय करायला लागलात जे आधी करत नव्हता?

धाकटी_सून
हा शेवटचा प्रश्न विचाराच ताई. आईला. एकटीला, चुलीजवळ बसून.

पऱ्हाटी
दोन महिन्यांनी लिहितेय, उशीर झाला. दिवाळीला गेले, धाकट्या सूनबाईंनी सांगितलं तसं आईजवळ चुलीपाशी बसले आणि विचारलं. आई आधी गप्प, भाकर थापत राहिली. मग बोलायला लागली ती थांबेचना. दीड वर्ष झालं म्हणे. बाजारात ती त्यांच्या मागे उभी राहून सुटे पैसे मोजते. कोणी भेटायला आलं की बाबांनी विचारायच्या आधीच "अहो, हे आर्वीचे पाहुणे" असं मोठ्याने म्हणते. बियाण्याची थैली कोणत्या वावरात जायची तेही सालदाराला तीच सांगते. मला म्हणाली, "त्याईची इज्जत होती न वं गावात." म्हणून माझ्यावर चिडली होती ती पोळ्याला.

नागपूरला दाखवलं. बी१२ बरंच कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. एमआरआयही झाला, डॉक्टर म्हणाले बी१२ ने थोडा फरक पडेल पण सगळं त्यानेच आहे असं वाटत नाही, अल्झायमरची सुरुवात दिसते. डोनेपेझिलची गोळी दिली, स्पष्ट सांगितलं की ही गोळी आजार बरा करत नाही, काही दिवस थोडं सोपं जाईल. तीन महिन्यांनी परत बोलावलंय. बाबांनी स्वतःच विचारलं, "मले काय झालं ते मले सांगा." डॉक्टरांनी सांगितलं. बसमध्ये येताना बाबा खिडकीबाहेर बघत होते, सेलडोह गेल्यावर म्हणाले, वावराचं दादाच्या नावावर करायचं ते करून टाका, आता समजते तोवर.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, पहिल्या पोस्टवर मी जे लिवलं होतं त्याच्यासाठी माफी मागतो, मनापासून. हे सारं वाचून आमच्या बुढ्याले घेऊन गेलो होतो. डोकं ठीक निंगालं, कानात मात्र बोटभर मळ होता. आता आम्ही हळू बोललेलं बी आयकते, घरात सारेच जपून बोलतेत.

धानाची_बांधी
वाचून बरं वाटलं ठेचाभाऊ. पऱ्हाटीताई, खेड्यात कोणाशी बोलावंसं वाटलं तर ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. आईलाही नंबर देऊन ठेवा, तिचंही कोणी ऐकायला हवं.

पऱ्हाटी
दिला. आणि ठेचाभाऊ, माफी कशाला, तुम्ही मागितलेली झडती देते. दादाचा मुलगा दहावीत आहे, तो रोज संध्याकाळी गोठ्यात बसून बाबांच्या झडत्या मोबाईलवर रेकॉर्ड करतोय. तलाठ्यावरची काल सापडली. तिसऱ्या ओळीला बाबा थांबले, "बैल म्हने..." एवढंच दोनदा म्हणाले. पोराने लहानपणी ऐकलेली होती, त्याने ओळ दिली आणि मग बाबा शेवटपर्यंत गेले.

सातबाऱ्यापाई झिजल्या माह्या वाहना,
तलाठी म्हने आज नाई, उद्या पाहू ना,
बैल म्हने मालका, तू राह्य आपल्या घरी,
मीच आनतो सातबारा, शिंगं माही बरी!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!